देवाचं वचन आणि बिल्डरचा करारनामा

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

वय ४७, लग्न केलेलं नाही, एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. ७६ वर्षांच्या आईबरोबर नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहतात. भायखळ्याची त्यांची जुनी उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) चाळ २०१४ साली पुनर्विकासासाठी रिकामी झाली. बिल्डरनं ३६ महिन्यांत घर देतो असं लिहून दिलं होतं. भाड्याचे चेक २०१८ पर्यंत आले, मग थांबले. आज जागेवर तीन मजल्यांचा सांगाडा आणि गंजलेल्या सळया आहेत.

चाळ सोडली त्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री, चर्चमधल्या उपासनेत, नव्या वर्षाचं वचन म्हणून ताटातून उचललेल्या कार्डावर बायबलमधलं यिर्मया २९:११ निघालं: देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. आईनं ते घराचं अभिवचन म्हणून धरलं. सामानाचे चार खोके अजून बांधलेले आहेत, 'आपल्या घरी गेल्यावरच उघडायचे'. आता चाळीतली ६२ कुटुंबं प्रत्येकी १५ हजार काढून वकील करायचं म्हणताहेत. आधी म्हाडा, नाही जमलं तर हायकोर्ट. आईच्या मते हा अविश्वास. प्रार्थनागटातल्या एक बाई म्हणाल्या, "सारेचा धीर सुटला आणि तिनं हागार पुढे केली, तसं करू नका." ह्याच बाईंनी दोनदा 'येत्या नाताळच्या आत घर' असंही सांगून झालंय. एक एजंट रोख पैसे घेऊन हक्क सोडा म्हणून मागे लागलाय. शेवटी त्या लिहितात: "थांबू की जाऊ? प्रार्थना करते, पण पलीकडे कुणी ऐकतंय असं हल्ली वाटत नाही. माझाच विश्वास कमी पडल्यामुळे तर हे सगळं अडलं नाही ना?"

ताई, सलाम.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. बाकीचं सगळं पत्र त्याच्याच ओझ्याखाली लिहिलेलं दिसतंय.

तुमच्या चाळीत ६२ कुटुंबं होती. भायखळ्याची चाळ म्हणजे त्यात बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला जाणारे असतील, शुक्रवारी नमाजाला जाणारे असतील, आषाढीचा उपास धरणारे असतील, आणि कशालाच न मानणारा एखादा जुना युनियनवालाही असेल. ह्या सगळ्यांची घरं तुमच्या एकटीच्या अविश्वासानं अडवून धरली? एवढी ताकद स्वतःच्या अंगाला लावून घेऊ नका. सळया पावसानं गंजल्या. काम थांबलं ते पैसा दुसरीकडे वळल्यामुळे किंवा परवानगी अडकल्यामुळे, जे काही असेल ते बिल्डरच्या ऑफिसातल्या कागदांत सापडेल. तुमच्या हृदयात शोधू नका.

आता मूळ गुंत्याकडे येऊ. तुमच्याकडे दोन कागद आहेत. एक करारनामा. त्यावर स्टॅम्प आहे, तारीख आहे, सही आहे, चौरस फूट लिहिलेत, ३६ महिने लिहिलेत. दुसरं कार्ड. त्यावर ना पत्ता आहे ना मुदत. बारा महिन्यांच्या आत, नाताळच्या आत, भायखळ्याला, तिसऱ्या मजल्यावर, ह्यातलं काहीही त्यावर नाही. मुदत मोडली ती करारनाम्याची. पण तुम्ही दोघींनी हे दोन कागद एकाच पिशवीत घातलेत, म्हणून बिल्डरनं मोडलेल्या शब्दाचा जाब तुम्ही देवाला विचारताय. आणि देवापुढे धरायचा धीर बिल्डरच्या खात्यावर जमा होतोय. तो माणूस मजेत आहे. त्याला तुमच्या आईसारखे भाडेकरू हवेच असतात.

कार्डाची मी थट्टा करत नाही. मीही वर्षानुवर्षं ते ताट पुढे आलं की डोळे मिटून हात घातलाय. एका वर्षी मला शत्रूंचा पाडाव होण्याचं वचन आलं, तर पुढचे बारा महिने मी ऑफिसातल्या एका बाईंकडे उगाचच वेगळ्या नजरेनं बघत होते. त्या बिचाऱ्या माझ्यासाठी डब्यात जास्तीची चटणी आणायच्या! सांगायचं ते एवढंच, की कार्डावर ओळ एक असते आणि तिच्या मागेपुढे असलेला सगळा अध्याय मापात बसत नाही म्हणून कापलेला असतो. तुमच्या बाबतीत तो कापलेला भागच तुमच्या कामाचा आहे.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २९ वा अध्याय म्हणजे त्याचं एक पत्र आहे. यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या, घरंदारं गमावलेल्या लोकांना लिहिलेलं. त्यांनाही परतीचीच आस होती. तुमच्या कार्डावरच्या वचनाच्या अगदी आधीचं वचन सांगतं, की हे व्हायला ७० वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण ते बघायला नसणारच होते. आणि त्याच्याही आधी, पाचव्या वचनापासून, काय करायचं ते सांगितलंय: जिथे आहात तिथेच घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेऊन टाकलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सामान बांधून बसा, असं त्या पत्रात कुठेही नाही.

एक पान मागे, २८ व्या अध्यायात, हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. तो मंदिरात सगळ्यांसमोर ठणकावून सांगतो की बाबेलला नेलेली मंदिराची भांडी दोन वर्षांत परत येतील. यिर्मयाचं उत्तर मला फार आवडतं. तो आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर तसंच करो. त्यालाही ते हवंच होतं. पण हवंसं वाटणं वेगळं आणि देव बोलला असं म्हणणं वेगळं, हे त्याला ठाऊक होतं. हनन्या त्याच वर्षी वारला. तुमच्या प्रार्थनागटातल्या बाईंना दीर्घायुष्य लाभो, पण पुढच्या वेळी त्यांनी 'नाताळच्या आत' म्हटलं, तर तुम्हीही मनापासून आमेन म्हणा आणि दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जा.

आणि त्या पत्राच्या तीन अध्याय पुढे, ३२ व्यात, जे घडतं ते आपल्या मंडळ्यांत कुणी फारसं वाचून दाखवत नाही. यरुशलेमला वेढा पडलाय. यिर्मया स्वतः पहाऱ्यात कोंडलेला. अशा वेळी तो अनाथोथमधलं चुलतभावाचं शेत विकत घेतो. १७ शेकेल चांदी साक्षीदारांसमोर तोलून देतो, खरेदीखतावर सही करतो, मोहर लावतो, एक मोहरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख ह्याच्या हाती देतो आणि सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. ह्या देशात पुन्हा घरं, शेतं, मळे विकत घेतले जातील, ही त्याची श्रद्धा होती. ती त्यानं नोंदणी करून दाखवली. ज्या यिर्मयाचं वचन तुमच्या भिंतीवर आहे, तो माणूस कागदपत्रांच्या बाबतीत असा पक्का होता.

मग हागार. हा दाखला फार सहज फेकला जातो, म्हणून जरा थांबते. वचन मिळूनही मूल होईना, म्हणून सारेनं आपली दासी हागार नवऱ्यापुढे, अब्राहामापुढे केली. त्या गोष्टीत सारेनं आणि अब्राहामानं हालचाल केली हा दोष होता का? मला तरी त्यातली जखम वेगळी दिसते. त्यांनी आपली घाई एका दासीच्या देहावर लादली, आणि नंतर तिलाच रानात हाकललं. तिचं दुःख देवानं पाहिलं, म्हणून तिनं त्याला 'पाहणारा देव' असं नाव दिलं. तुमच्या अर्जानं कोणती हागार रानात जाणार आहे? कुणाचं काढून घेताय तुम्ही? उलट ६२ घरांचं थकलेलं मागताय.

कोर्टाची पायरी चढणं म्हणजे अविश्वास, असं म्हणणाऱ्यांना लूकच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय उघडून द्या. न खचता प्रार्थना करत राहावी, हे शिकवायला प्रभूनं उदाहरण कुणाचं दिलं? गुडघे टेकून बसलेल्या साध्वीचं नाही. एका विधवेचं, जी बेपर्वा न्यायाधीशाच्या मागे लागून लागून त्याला जेरीला आणते. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पौलानं कोर्टाबद्दल जे झापलं, ते मंडळीतल्या भावाभावांच्या भांडणाबद्दल. तुमचा बिल्डर तुमच्याच मंडळीतला असेल, तर आधी पाळकसाहेबांना मध्ये घाला. नसेल, तर तो विषय संपला.

थोडं माझं सांगते. माझे वडील लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. पुढची कित्येक वर्षं ते सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेटापर्यंत जाऊन यायचे. भोंगा वाजेल, देव काहीतरी करील. आईचाही देव तोच, प्रार्थनाही तीच, रात्री दोघं मिळून करायचे. पण आईनं तिसऱ्या महिन्यात डबे सुरू केले. आधी चार, मग अकरा. प्रार्थनेला बसायची तेव्हा तिच्या हाताला पीठ असायचं. मी लहानपणी समजायचे की बाबांचा विश्वास मोठा, कारण ते दुसरं काही न करता वाट बघतात. आता तसं वाटत नाही. बाबांना मी दोष देत नाही, ते मोडले होते. मात्र त्यांच्या थिजण्याला आम्ही घरात 'विश्वास' हे नाव दिलं, आणि त्यामुळे त्यांना मदत हवी आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, संपानंतर ३० वर्षांनी. बाबा त्याआधीच गेले. अर्ज आईनं भरला, बाबांचा तिकीट नंबर घालून. आमचा नंबर अजून लागलेला नाही. तेव्हा तुम्हाला 'होईल हो सगळं' असं म्हणायचा मला काही अधिकार नाही, आणि मी म्हणणारही नाही.

आता कामाचं बोलू.

भाडेकरूंच्या सभेला जा. १५ हजार द्या, पण पावती घ्या, पैसे एकाच माणसाच्या खात्यात जाऊ देऊ नका, आणि वकील नेमका कशासाठी नेमलाय ते लेखी ठेवा. उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे. बिल्डरला दिलेली एनओसी (ना-हरकत पत्र) आणि भाडेकरूंची प्रमाणित यादी माहितीच्या अधिकारात मागा. १० रुपयांचा अर्ज आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या यादीत तुमचं नाव कसं लिहिलंय, क्षेत्रफळ किती दाखवलंय, हे आधी बघा. म्हाडा कायद्यातल्या दुरुस्तीला २०२२ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तिच्यातलं ९१-अ हे कलम अशाच अर्धवट सोडलेल्या, भाडं थकवलेल्या प्रकल्पांसाठी आहे, ज्यात म्हाडाला जागा ताब्यात घेऊन काम पुढे नेता येतं. ते तुमच्या चाळीला लागू पडतं का, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न. बिल्डर बदलायचा म्हणत असाल तर घाई नको. नवा बिल्डरही छत्तीस महिनेच म्हणेल.

ह्यात तुम्हाला बोचेल असं एक आहे. देव सोसतो, मुदतीचा कायदा सोसत नाही. थकलेल्या पैशांच्या दाव्याला साधारणपणे ३ वर्षांची मुदत असते. तुमचे चेक २०१८ ला थांबले. म्हणजे भाड्याचा काही भाग श्रद्धेनं वाट बघता बघता हातचा गेलाही असेल. किती गेला आणि किती वाचवता येईल, हे वकीलच सांगेल, पण आणखी एक वर्ष थांबणं म्हणजे आणखी एक वर्षाचं भाडं सोडणं, असं धरून चाला.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर हे लक्षात ठेवा, आणि इतर बायकांनीही ठेवा: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा फोन नंबर आहे.

भाडेपावती कुणाच्या नावावर आहे? वडिलांच्या असेल आणि बदलली नसेल, तर हे काम ह्याच महिन्यात करा. आई हयात आहे, तुम्ही तिच्याबरोबर राहताय, तोवर हे सोपं आहे. नंतर प्रत्येक गोष्ट सिद्ध करत बसावं लागतं. रेशनकार्ड, लाइटबिलं, जुने मतदार यादीतले उतारे, सगळं जमवा. बारूखचं मडकं नसेल तर प्लास्टिकची फाइल चालेल.

एजंटला सध्या नाही म्हणा. हक्क विकणं हे पाप नाही, विश्वासघातही नाही. काही घरांना तो पर्याय खरंच योग्य ठरतो, विशेषतः औषधपाण्याला पैसा लागत असेल तेव्हा. पण जो माणूस आज सही करा म्हणतो त्याच्यापुढे आज सही करायची नाही, आणि नुसत्या नोटरीच्या कागदावर तर कधीच नाही.

ऐकणारं कुणी नाही असं वाटतं, म्हणता. स्तोत्रसंहितेतलं १३ वं स्तोत्र काढा. सहाच वचनं आहेत आणि सुरुवातीलाच चार वेळा विचारलंय, किती काळ? असा उद्धट वाटेल इतका सरळ प्रश्न पवित्र शास्त्रात प्रार्थना म्हणून छापलेला आहे. तुम्ही गेली काही वर्षं देवापुढे फक्त नीट वागताय असं मला पत्रावरून वाटलं. एकदा भांडून बघा. उपासनेत साक्षी चालू झाल्या की तुम्हाला आत काहीतरी टोचत असेल, तर त्या रविवारी मागच्या बाकावर बसा आणि आशीर्वाद झाला की निघा. त्यानं काही बिघडत नाही. आणि हे दुखणं झोप-भूक उडवत असेल तर डॉक्टरांना दाखवा. बाबांच्या वेळी आम्ही ते केलं नाही.

राहिली आई. खरा प्रश्न मला वाटतं तोच आहे, फक्त तुम्ही तो लिहिला नाहीत: ते घर न बघताच आई गेली तर? जाऊ शकते, ताई. अब्राहामाला सगळ्या देशाचं वचन होतं, आणि सारा गेली तेव्हा तिला पुरायला त्याच्याकडे हातभर जमीन नव्हती. मकपेलाचं शेत त्यानं हित्ती लोकांकडून ४०० शेकेल रोख मोजून, वेशीत सगळ्यांसमक्ष घेतलं. गुहेसकट, झाडांसकट, अशी त्याची नोंद उत्पत्तीत आहे. वचनाच्या देशात त्याच्या मालकीची म्हणून जी जागा त्या पुस्तकात नोंदलेली आहे ती ही एवढीच, बायकोची कबर. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा ११ वा अध्याय तर सरळच सांगतो की ही सगळी माणसं वचनाचं फळ हाती न पडताच विश्वासात मेली. आईला हे ठाऊक असणार. तुमच्याहून जास्त वेळा वाचलं असेल तिनं. म्हणून तिच्याशी शास्त्रावरून वाद घालू नका, जिंकलात तरी हराल. तिला फक्त एवढं विचारा, की खोके उघडायला ती का घाबरते. मला वाटतं, खोके उघडले म्हणजे भायखळा संपलं, असं तिच्या मनात असेल.

माझी पंढरपूरची वारी करणारी शेजारीण हे ऐकून म्हणाली, "आमच्यात तर उलटंच. पुंडलिकानं देवालाच विटेवर उभं केलं, आईबापाचे पाय चेपून होईपर्यंत." तिचा देव वेगळा, पण मुद्दा घेण्यासारखा आहे. आईची ७६ ते ८० ही वर्षं नालासोपाऱ्यातच जाणार असं दिसतंय, विरार लोकलच्या गर्दीत, टँकरच्या वेळा सांभाळत. ती वर्षं भायखळ्याची प्रतीक्षाखोली नाहीत, तिचं आयुष्यच आहेत. खालच्या कुंड्यांत कढीपत्ता, तुळस काही लावलंय का? शेजारच्या कुणाचं नाव आईला ठाऊक आहे का? जवळच्या मंडळीत बुधवारची बायकांची सभा असेल तर तिला एकदा नेऊन बसवा. दर रविवारी भायखळ्यापर्यंतचा प्रवास तिच्या गुडघ्यांना झेपत नाही, असं तुम्हीच लिहिलंय.

भाडेकरूंच्या सभेला जाताना तिला सांगून जा, लपवून नको. ती रागावेल. 'मी तुझ्या वचनाच्या आड येत नाहीये, बिल्डरच्या मागे लागतेय,' एवढंच म्हणा आणि निघा. जमलं तर त्या दिवशी तिलाच प्रार्थना करायला सांगा, वकिलासाठी.

आणि खोके एकदम चारही नकोत. एक. पत्रात तुम्ही लिहिलंय की एकात काचेचे कप आहेत, वडिलांनी क्रॉफर्ड मार्केटातून आणलेले, आणि एकात पुरणयंत्र. नाताळला अजून अवकाश आहे, पण चहा रोजच होतो. कोणता खोका आधी उघडला, ते मला कळवा.